डेल्मर क्रंप खरं बोलला

मासे धरणारा माणूस मुळात वाईट नसतो. तो बायकोशी खरं बोलतो, चर्चमध्ये खरं बोलतो, सरकारी कर भरतानासुद्धा बऱ्यापैकी खरं बोलतो. फक्त वसंतात, तळ्याचं पाणी कोमट व्हायला लागलं आणि काठच्या डॉगवुडला पांढरी फुलं आली, की त्याला एक प्रश्न विचारू नये. "कशावर लागतायत?" म्हणजे बास मासे सध्या कुठल्या आमिषाला तोंड लावतायत. टेनेसीतल्या हॅकबेरी लँडिंग या गावात या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. कुणी द्यावं अशी अपेक्षाही नाही. जो देईल त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच लोक समजतील.

ओडेल प्रुइट हा त्या गावचा न्हावी. टपाल कचेरी आणि चारा-बियाण्यांचं दुकान यांच्यामध्ये त्याचं एका खुर्चीचं दुकान. समोर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांचं बाकडं, कोपऱ्यात दिवसभर उकळून कडू झालेली कॉफी. माणूस उंच, पण जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यांवर वाकून खांद्यात जरा पुढे आलेला. तो स्वतः बास धरायला कधी जात नसे. मेव्हण्याने मागे ठेवलेली पत्र्याची एक सपाट होडी त्याच्या परसात पालथी पडलेली असायची आणि तिच्याखाली दरवर्षी मांजर व्यायची. त्याला माशांचं कौतुक नव्हतं, माणसांचं होतं. माणूस थाप कशी मारतो, आणि मारताना नेमकं काय लपवायला विसरतो, याची त्याला भारी उत्सुकता.

म्हणून वसंत हा त्याचाही हंगाम. खुर्चीत बसेल त्याच्या गळ्याभोवती चादर बांधायची आणि कात्री हातात घेता घेता विचारायचं, "काय मग, कशावर लागतायत?" गिऱ्हाईक आरशात बघून बिनदिक्कत थाप मारायचं. पण थाप कितीही पक्की असली तरी न्हाव्यापुढे टिकत नाही. कारण न्हावी कानाने ऐकत असतो आणि डोळ्याने बघत असतो, आणि गिऱ्हाइकाला आरशात फक्त स्वतःचं तोंड दिसत असतं. "छे, यंदा तळ्यावर गेलोच नाही," असं म्हणणाऱ्याचे कान उन्हाने सोललेले असत. "लाल अळी, खोल पाण्यात," असं सांगणाऱ्याच्या बाहीच्या दुमडीत हिरव्या रबरी आमिषाची चमचम अडकलेली असे. कुणाच्या मानेला बडीशेपेच्या तेलाचा वास, कारण माशाला माणसाचा वास येऊ नये म्हणून ही मंडळी आमिषाला ते तेल चोळतात. कुणाच्या बोटांना पोपटी-पिवळे डाग. तो रंग बाटलीत मिळतो. रबरी आमिषाची शेपूट त्यात बुडवायची. लसणासारखा घमघमतो आणि साबणाला दाद देत नाही. संध्याकाळी केस झाडून काढेपर्यंत तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय चाललंय हे ओडेलला बिनचूक कळलेलं असायचं. आणि ते तो कुणालाही सांगत नसे. न्हाव्याच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. याच्या पोटात अख्खं तळं राहिलं होतं.

या सगळ्या थापाड्यांचा राजा डेल्मर क्रंप. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्याचा जन्म गेला. आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ओहायोत. तळ्याला लागून घर आणि दारात स्वतःची झकास बोट. तो आणि ओडेल शाळेपासूनचे दोस्त. तरी डेल्मरने ओडेलला आपल्या बोटीत कधी घेतलं नव्हतं, कारण तो कुणालाच घेत नसे. दर पंधरवड्याच्या गुरुवारी तो केस कापायला यायचा, आणि खरं सांगायचं तर ओडेल त्याची वाट बघायचा. एकदा मारलेली थाप त्याने परत मारली नाही. तीत पाण्याची खोली असायची, वाऱ्याची दिशा असायची, एखादा बगळासुद्धा असायचा. आणि मासा केवढा हे सांगायची वेळ आली की दोन्ही हात चादरीखालून बाहेर काढून तो लांबी दाखवायचा. चादरीवरचे कापलेले केस खोलीभर उडायचे.

"हात आत ठेव लेका, केस उडतात," ओडेल दर वेळी म्हणायचा. डेल्मरने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी डॉगवुड नुकता फुलायला लागला होता तेव्हा डेल्मर आला. केस काप आणि दाढीही कर म्हणाला. दाढी तो घरीच करत असे, पण ओडेलला वाटलं, म्हातारपणी माणसाला लाड करून घ्यावेसे वाटतात. चादर बांधली, साबण लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

डेल्मरने आरशात पाहिलं. मग सपाट आवाजात म्हणाला, "सरडा. रबरी, वीतभर लांबीचा. टरबूज-हिरवा, शेपटीचं टोक पिवळ्यात बुडवलेलं. दोरीला शिशाचं वजन अगदी हलकं, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं. बॅप्टिस्ट कॅम्पच्या मागची खाडी आहे ना, तिथे सायकॅमोरचं झाड पडलंय, त्याच्या आतल्या अंगाला. पाणी नितळ आहे, तळावरची माशांची घरटी दिसतात. घरट्यात टाकायचा आणि ओढायचा नाही. जागच्या जागी थरथरवायचा."

"आणि मग मासा तो खातो," ओडेल म्हणाला.

"खात नाही. सरडे अंडी खातात हे त्याला माहीत असतं. तो भुकेने येत नाही, रागाने येतो. तोंडात धरून बाहेर फेकून द्यायला."

एवढंच. बगळा नाही, वारा नाही, हात बाहेर काढणं नाही. दाढी झाली, तो उठला, हात जाकिटाच्या खिशात घातले आणि गेला.

ओडेल त्या थापेपुढे चक्रावला. इतकी वर्षं तो थापा उलट्या करून खरं काढत आला होता, पण ही थाप कुठून उलटी करायची तेच कळेना. सरडा म्हणाला म्हणजे अळी असेल? उथळ म्हणाला म्हणजे खोल? पण ते रागाचं काय? तसली गोष्ट कुणी थापेत घालत नाही. रात्री जेवताना त्याने बायकोला, आयलीनला, विचारलं की मासा चिडतो का गं. ती म्हणाली, तुला बघून कुणीही चिडेल, वाटाणे संपव. रविवारच्या प्रवचनातही त्याच्या डोक्यात सरडाच वळवळत होता. सोमवारी दुकान बंद असतं. सोमवारी सकाळी त्याने मांजराला हुसकून होडी सुलटी केली.

आमिष आणायला नेल्डाच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जावं लागणार होतं, आणि तीच खरी अडचण. नेल्डाकडून कुणी काय नेलं यावर अर्ध्या गावाचा डोळा असतो. एखाद्याने एकाच रंगाची तीन पाकिटं नेली तर दुपारपर्यंत तो रंग भिंतीवर उरत नाही. म्हणून जाणती माणसं हवं असलेलं एक आणि नको असलेली पाच अशी उचलतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची इतकी पद्धतशीर सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

ओडेल त्या भिंतीपुढे उभा राहिला आणि हरवूनच गेला. खिळ्याखिळ्याला पाकिटं लटकलेली. त्यांत अळ्या, सरडे, झिंगे, बेडूक, नुसत्याच झालरी लावलेल्या नळ्या, आणि काही असे जीव की जे देवाच्याही हातून घडले नसावेत. हाताला सगळे मऊ, बुळबुळीत, जरासे ओशट. आणि रंगांची नावं तरी काय! हिरवा भोपळा, मोटारीचं तेल, जूनमधला भुंगा, विजेरी द्राक्ष. नेल्डा गल्ल्यामागून त्याच्याकडे मजेत बघत होती.

ओडेलने तिला विचारलं, की बाई, माशाला एवढे रंग दिसतात का?

"मासा कधी दुकानात आला नाही, मिस्टर ओडेल," नेल्डा म्हणाली. "विचारणार कुणाला?"

पण मग तिने त्याला सगळं नीट समजावलं, कारण न्हाव्याला शिकवायची संधी काही रोज मिळत नाही. पाणी नितळ असलं तर टरबुजासारखा साधा रंग, खालचा तळ दिसेल इतपत पारदर्शक. पाऊस पडून गढूळ झालं तर काळा, निळा, म्हणजे निदान सावली तरी दिसते. पाणी गार असलं तर मासा सुस्त, तेव्हा न वळवळणारं काही. ऊब आली की वळवळणारी शेपूट. घरटी झाली की सरडा. शेवटी तिने विचारलं की एवढं सगळं कुणासाठी, आणि ओडेल म्हणाला पाहुण्यासाठी. कोण पाहुणा, असं तिने विचारल्यावर तो म्हणाला की अजून ठरलेलं नाही. त्याला थापा ओळखता यायच्या, मारता मात्र यायच्या नाहीत.

बॅप्टिस्ट कॅम्पच्या मागे सायकॅमोर पडलेला होता. त्याच्या आतल्या अंगाला पाणी नितळ होतं, आणि तळाच्या चिखलात परातीएवढी गोल, झाडून लख्ख केलेली जागा दिसत होती. तिच्यावर एक काळी सावली स्थिर उभी. ओडेलची पहिली फेक झाडात गेली. दुसरी टोपीत अडकली. मग सरडा एकदाचा घरट्यात पडला आणि ओडेल श्वास रोखून बघत राहिला. सावली जवळ आली, नाक खाली करून सरड्याकडे पाहिलं, मागे सरली. ओडेलने गळाची काठी हलवली तर सरडा बेडकासारखा उड्या मारायला लागला. मासा कंटाळून निघून गेला, परत आला, पुन्हा गेला. सूर्य झाडांच्या वर येईपर्यंत हेच चाललं. शेवटी ओडेलचा हात दमून थोडासा कापायला लागला, तेव्हा माशाने सरडा उचलला. खाल्ला नाही, अगदी ओठांत धरला आणि घरट्याबाहेर न्यायला निघाला.

ओडेलने काठी ओढली. पुढचं त्याला नीटसं आठवत नाही. होडी गोल फिरली, कॉफीचा डबा लवंडला, आणि मग त्याच्या हातात हातभर लांबीचा, हिरवा, चिडलेला मासा होता. तेवढ्यात त्याने खाली पाहिलं, तर सूर्यमासळीची चिल्लीपिल्ली राखणदार नसलेल्या घरट्यातल्या अंड्यांवर तुटून पडली होती. त्याने घाईघाईने गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. मासा सरळ घरट्यावर गेला, सगळ्यांना पिटाळून लावलं आणि पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला. ओडेल एकटाच खो खो हसला.

हसू ओसरलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. डेल्मर खरं बोलला होता. झाड खरं, सरडा खरा, पिवळी शेपूट खरी, माशाचा रागसुद्धा खरा. शब्दात शब्द खोटा नव्हता.

असं आयुष्यात एकदाच झालं होतं. फार वर्षांपूर्वी हायरम टोलिव्हर नावाचा गिऱ्हाईक असाच खुर्चीत बसून आपली जागा आणि आपलं आमिष खरंखरं सांगून गेला होता. ओडेलने ते ओळखलं होतं, खूशही झाला होता, आणि का सांगितलंस एवढं मात्र विचारलं नव्हतं. मक्याला कणसं धरायच्या आत हायरम गेला. पोटात गाठ होती. त्याला ती हिवाळ्यापासून माहीत होती आणि त्याने कुणाला कळू दिली नव्हती.

आता होडीत बसल्या बसल्या ओडेलला गुरुवारचं सगळं दिसायला लागलं. डेल्मरच्या हनुवटीवर वस्तऱ्याचे जुने-नवे काप होते. घरी दाढी करणारा माणूस दाढी करून मागत होता. आणि हात. हात एकदाही चादरीबाहेर आले नव्हते. दुसऱ्यांच्या बाह्यांतली चमचम टिपणाऱ्या या शहाण्याने आपल्या जिवाभावाच्या दोस्ताचे हात बघितले नव्हते. ओडेलला स्वतःचा इतका राग आला की त्याने वल्हं पाण्यावर आपटलं. मग होडी वळवली आणि तळं ओलांडून थेट डेल्मरच्या घराकडे निघाला.

डेल्मरची बोट दारात ट्रेलरवर चढवलेली होती, धुऊन पुसून लख्ख, आणि तिच्या काचेवर पुठ्ठा लावला होता. 'विकणे आहे.' डेल्मर ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. हात खिशात.

"तू खरं का बोललास?" ओडेलने पायरीवरूनच विचारलं. त्याच्या विजारीतून पाणी निथळत होतं.

डेल्मरने त्याच्याकडे, मग पत्र्याच्या होडीकडे पाहिलं. "गेला होतास तू? लागला?"

"हातभर."

डेल्मरचा चेहरा उजळला आणि तसाच मावळला. ओडेल म्हणाला, "हायरमला विचारायचं माझं राहून गेलं. तुला विचारतो. डॉक्टर काय म्हणाला? किती दिवस आहेत?"

"मरत नाहीये मी," डेल्मर म्हणाला. "त्याहून वाईट आहे. गाठ मारता येत नाही."

असं म्हणून त्याने हात बाहेर काढले. दोन्ही हात कापत होते, उजवा जास्त. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाला होता की हे दुखणं मारत नाही, पण जातही नाही, आणि कापरं वाढतच जाणार. एके दिवशी सकाळी गळाला दोरी बांधायला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि दुपार झाली तरी एक गाठ बसली नाही. त्याआधी धक्क्यावर गावातल्या बक शेल्टनने त्याची ही धडपड पाहिली होती, आणि आणा मी बांधून देतो असं म्हणाला होता. बक चांगला पोरगा, चांगल्या मनाने म्हणाला, पण डेल्मरला त्या क्षणी तळ्यात उडी मारावीशी वाटली. ओहायोतल्या मुलीने खोली रिकामी करून ठेवली होती. ईस्टर झाला की तो जाणार होता. तिथे घराजवळ डबकंसुद्धा नव्हतं.

"जन्मभर जपलेली जागा," तो म्हणाला. "कुणाला तरी ठाऊक असावी म्हणून सांगितली. तू मासे धरत नाहीस, तुझ्याजवळ सुरक्षित राहिली असती. तर तू लगेच धावत गेलास."

ओडेलला भरून आलं होतं, पण त्याने रागावरच निभावलं. "मरणाऱ्या माणसाने खरं बोलावं. तू मरत नाहीयेस, तर तुला खरं बोलायचं कारण काय?"

 असं म्हणून तो पायरीवरच बसला. ओडेलच्या डोक्यात मात्र सकाळपासूनचा प्रश्न तसाच होता, आणि अशा वेळीही त्याला तो गप्प बसू देईना. त्याने विचारलं की थरथरव म्हणालास, पण मी हलवला तर सरडा उड्या मारत होता. मासा ढुंकून बघेना. थरथरवणं म्हणजे नक्की कसं?

डेल्मरने कापता उजवा हात त्याच्यापुढे धरला. "असं," तो कडवट हसून म्हणाला.

ओडेल त्या हाताकडे बघत राहिला, कात्री लावायच्या आधी डोकं बघायचा तसा. बारीक, सारखी, न थांबणारी थरथर. सकाळी मासा केव्हा आला होता ते त्याला आठवलं.

"येत्या सोमवारी बोट पाण्यात घाल," तो म्हणाला. "गाठी मी मारीन."

"माझ्या बोटीत कुणी बसत नाही."

"मग माझ्या होडीत ये."

डेल्मरने पत्र्याच्या होडीकडे नजर टाकली. तीत बसलेलं आपल्याला गावाने पाहिलं तर, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "त्या घमेल्यात? त्यापेक्षा ओहायो बरं," तो म्हणाला. पण सोमवारी बोट पाण्यात होती.

मधल्या दिवसांत पाऊस झाला होता. खाडीचं पाणी दुधाळ कॉफीसारखं झालेलं. ओडेलने मोठ्या ऐटीत टरबुजी सरडा काढला, तर डेल्मर म्हणाला की ठेव तो आत. त्याने पाण्यात बोट बुडवून पाहिलं, खोक्यातल्या पाकिटांवरून नजर फिरवली, दोन सरडे नाकाशी नेऊन हुंगले आणि एक परत टाकला. शेवटी काळ्या अंगाचा, निळ्या ठिपक्यांचा सरडा त्याने निवडला. याला ओडेलने हरकत घेतली नाही. निवडण्याचं काम डेल्मरचं होतं आणि ते करताना त्याचे हात कापत होते हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

गाठ ओडेलने मारली. कानाच्या पाळीवरचा एकेक केस टिपणारी बोटं ती, पण डेल्मरच्या तोंडाला खळ नव्हता. वेढे जास्त घे. थुंकी लाव, कोरडी ओढलीस तर दोरी जळते. गळाचं टोक सरड्याच्या पोटात लपव, नाहीतर दर फेकीला झाड ओढून आणशील. ओडेलने शेपूट पिवळ्या बाटलीत बुडवली आणि स्वतःची तीन बोटंही बुडवून घेतली.

डेल्मरने फेकलं. फेक अजून त्याचीच होती, सरडा आवाज न करता सायकॅमोरच्या आत उतरला. पण काठी हातात स्थिर राहीना. टोक कापायला लागलं, दोरी कापायला लागली, आणि डेल्मरने शरमेने दोन्ही हातांनी काठी आवळून धरली.

"आवळू नकोस," ओडेल म्हणाला. "सोड. तिला काय करायचं ते करू दे."

डेल्मरने पकड सैल केली. काठीचं टोक बारीक बारीक थरथरत राहिलं. सरडा जागचा हलत नव्हता, नुसता जिवंत झाला होता. दोघांनी खायला डबाबंद मासे आणि खारी बिस्किटं काढली होती, ती तोंडापर्यंत पोचली नाहीत. दोरी अचानक बाजूला चालायला लागली आणि डेल्मरचं सगळं अंग जुन्या सवयीने मागे झालं. मासा ओडेलच्या त्या मागच्या माशाहून मोठा निघाला. ओडेलने जाळीत घेतला, गळ काढला आणि झटकन घरट्याकडे परत सोडला.

डेल्मर पाण्याकडे बघत होता. डोळे ओले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

"हे थरथरवणं शिकण्यात माझं मनगट झिजलं रे," तो म्हणाला. "आता फुकट होतंय."

दुपारपर्यंत आणखीही लागले. धक्का दिसायला लागल्यावर डेल्मरने बोट मध्येच थांबवली आणि ओडेलला फर्मावलं की दोरी कापून सरडा काढ, डब्यात घाल, आणि काठीला एक पांढरी अळी बांध. ओडेलने विचारलं की आता घरी जायच्या वेळी कशाला. डेल्मरने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मुकाट्याने अळी बांधली.

धक्क्यावर बक शेल्टन होताच. त्याची नजर आधी डेल्मरच्या हातांवर गेली, मग काठीवर, मग बोटीत बसलेल्या न्हाव्यावर, आणि तिथे ती बराच वेळ राहिली. त्याने आदबीने विचारलं, "कशावर लागतायत, मिस्टर डेल्मर?"

डेल्मरने कापता हात उचलून तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं. जुन्या पुलाच्या खांबापाशी, तो म्हणाला, खोल पाण्यात, या पांढऱ्या अळीवर. पण वारा पश्चिमेचा हवा, आणि खांबावर तो एक बगळा बसतो ना, तो उडाला की मगच टाकायचं.

बकने ओडेलकडे पाहिलं. न्हावी खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत. "खरं का, मिस्टर ओडेल?"

ओडेलने पिवळी बोटं खिशात कोंबली. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "एकही लागला नाही. मी तर झोपलो होतो."

गाडीत बसल्यावर डेल्मरने त्याची खरडपट्टी काढली. एकाने लागतायत म्हणायचं आणि दुसऱ्याने लागत नाहीत म्हणायचं, याला थाप म्हणतात का? थाप आधी ठरवावी लागते, दोघांत वाटून घ्यावी लागते. तो घर येईपर्यंत बोलत राहिला आणि ओडेलला फार बरं वाटत राहिलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ती गेली नव्हती.

ईस्टर आला आणि गेला. डेल्मरने ओहायोला फोन करून मुलीला सांगितलं की बोटीला अजून गिऱ्हाईक मिळत नाही, आणि ती विकल्याशिवाय निघता कसं येईल. 'विकणे आहे'चा पुठ्ठा त्याने आमिषांच्या खोक्याखाली घातला होता, ओशट डाग पडू नयेत म्हणून.

पुढच्या गुरुवारी तो केस कापायला आला. बाकड्यावर दोघं-तिघं वाट बघत होते. ओडेलने चादर बांधली, कात्री घेतली आणि विचारलं की काय मग, कशावर लागतायत. डेल्मर आरशात बघून सुरू झाला. जांभळी अळी, चुनखडीच्या कड्याखाली, पहाटे धुकं असताना. आणि मासा केवढा हे सांगायला त्याने दोन्ही हात चादरीखालून बाहेर काढले. हात कापत होते, त्यामुळे मासा मोठा होत होता, लहान होत होता, पुन्हा मोठा होत होता. बाकड्यावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याची त्याला पर्वा नव्हती.

ओडेलने तो मासा सोमवारी स्वतः जाळीत घेतला होता. त्याने हात आत ठेव म्हटलं नाही. केस खोलीभर उडाले, ते त्याने संध्याकाळी झाडून काढले.